कंट्रोलर पहिला, पैसे मोजके
वाचक विचारतात, तंत्रज्ञ सांगतात

शिकाऊ डीजेंसाठी कोणता कंट्रोलर (लॅपटॉपला जोडून गाणी मिसळायचं मशीन) घ्यावा, या विषयावर पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या वाचकांनी पत्रं पाठवली आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हातात २५ हजार रुपये आहेत आणि घरी ८ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप आहे. दुकानदार म्हणतो, चार चॅनेलचा घे, पुढे उपयोगी पडेल. मित्र म्हणतो, सगळ्यात स्वस्त घे, आधी जमतं का बघ. कुणाचं ऐकू?
वाचक, डिचोली

दोघांचंही ऐकू नका. चार चॅनेल म्हणजे एकाच वेळी चार गाणी हाताळायची सोय. पहिली दोन वर्षं दोन गाणी सांभाळतानाच घाम फुटतो, त्यामुळे उरलेले दोन फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या दांड्या) नुसते धूळ खातात. मित्राच्या सल्ल्यातली खोट वेगळी आहे. अगदी स्वस्तातल्या बऱ्याच मशीनना स्वतःचं साउंड कार्ड नसतं, आणि तिथेच शिकणं अडतं.

डीजेचं अर्धं काम लोकांना ऐकूच येत नाही. एक गाणं बॉक्सवर, म्हणजे स्पीकरवर, चालू असतं आणि पुढचं फक्त त्याच्या हेडफोनमध्ये. म्हणजे एकाच वेळी दोन वेगळे स्टिरिओ आवाज बाहेर पडायला हवेत. लॅपटॉपच्या हेडफोन सॉकेटमधून एकच पडतो. म्हणून मशीन उलटसुलट करून बघा: मागे मास्टर आउटची (बॉक्सला जाणाऱ्या मुख्य आवाजाची) लाल-पांढरी आरसीए सॉकेटं आणि पुढे किंवा बाजूला हेडफोनचं सॉकेट, दोन्ही एकाच मशीनवर हवीत. पायोनियरचा डीडीजे-२०० हे उलट उदाहरण. दिसायला छान, वजनाला हलका, पण त्यात साउंड कार्ड नाही. फोनला दुभागणारी केबल लावून काम भागतं, मात्र मग बॉक्सलाही मोनो आणि कानालाही मोनो. न्यूमार्कचा डीजे२गो२ टच अगदी चिमुकला असूनही त्यात साउंड कार्ड आहे. तेव्हा आकारावरून अंदाज बांधू नका.

दुसरी कसोटी टेम्पो फेडरची, म्हणजे गाण्याचा वेग बदलणाऱ्या दांडीची, आणि ती दुकानात पट्टी लावून करता येते. टेम्पोची रेंज अधिक-उणे ६ टक्के ठेवली, तर फेडरच्या पूर्ण प्रवासात १२ टक्के बसतात. फेडर ३० मिलिमीटरचा असेल, तर बोट एक मिलिमीटर सरकलं की वेग ०.४ टक्के बदलतो. १२५ बीपीएमच्या (मिनिटाला १२५ ठोक्यांच्या) गाण्यात हा अर्धा बीपीएम झाला. फेडर ६० मिलिमीटरचा असेल तर तेवढ्याच हालचालीत पाव बीपीएम आणि १०० मिलिमीटरचा असेल तर ०.१५. आखूड फेडरवर कानाने बीट जुळवायला बसणं म्हणजे बॉक्सिंगचे हातमोजे घालून सुईत दोरा ओवणं. शिकणारा कंटाळतो आणि दोष स्वतःच्या कानाला देतो.

तिसरी गोष्ट सॉफ्टवेअर. मशीनसोबत काय फुकट उघडतं, हे खोक्यावर वाचा. सध्या सर्वांत सरळ रस्ता पायोनियर डीजेच्या डीडीजे-एफएलएक्स४ चा. तो २०२२ साली डीडीजे-४०० च्या जागी आला. जोडला की रेकॉर्डबॉक्स या डीजे सॉफ्टवेअरचा परफॉर्मन्स मोड (लॅपटॉपवरून थेट वाजवायची सोय) वेगळे पैसे न भरता उघडतो आणि सेराटो डीजे लाइट हे दुसरं सॉफ्टवेअरही चालतं. त्याची बटणांची मांडणी क्लबमधल्या मोठ्या पायोनियर मशीनवर बेतलेली आहे, त्यामुळे पुढे हात नव्याने वळवावा लागत नाही. न्यूमार्क मिक्सट्रॅक प्रो एफएक्सचं जॉग व्हील (गाणं हाताने पुढे-मागे करायची तबकडी) ६ इंचांचं आणि टेम्पो फेडर लांब आहे. सोबत सेराटो डीजे लाइट येतं. हर्क्युलिस इनपल्स ३०० वर वेग आणि ताल जुळले की नाही हे दाखवणारे दिवे आहेत. सुरुवातीचे दोन महिने ते उपयोगी पडतात. नंतर त्यांवर कागदाची पट्टी चिकटवा, नाहीतर कान आळशी होतो. यांपैकी काहीच परवडलं नाही, तर मिक्स नावाचं सॉफ्टवेअर (शेवटी तीन एक्स) पूर्णपणे फुकट असून विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं.

पैशांचं म्हणाल तर सगळे २५ हजार मशीनवर उधळू नका. आमच्या मते वाटणी अशी असावी: कंट्रोलर १९ हजारांपर्यंत, बंद कपांचे वायरवाले हेडफोन ३ हजार, केबली ७०० ते ८००, झाकण किंवा बॅग हजारभर आणि उरलेले गाणी विकत घ्यायला. घरच्या सरावाला होम थिएटरचं ऑक्स इनपुट पुरेसं आहे. एफएलएक्स४ या रकमेत बसत नसेल, तर वर सांगितलेल्या बाकीच्या दोन मशीनचे भाव काढा किंवा वापरलेला डीडीजे-४०० शोधा. हेडफोनचे पैसे मात्र कापू नका. ब्लूटूथ हेडफोन इथे बाद. आवाज शे-दोनशे मिलिसेकंद उशिरा येतो आणि तेवढ्यात ताल हातातून निसटलेला असतो. ब्लूटूथ स्पीकरचंही तेच.

तुमचा लॅपटॉप चालेल. हार्ड डिस्क जुन्या फिरत्या प्रकारची असेल, तर आधी एसएसडी बसवून घ्या.

वापरलेला कंट्रोलर बघायला चाललो आहे. विकणारा अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ देणार नाही म्हणतो. काय काय तपासू?
वाचक, म्हापसा

अर्धा तास खूप झाला. फक्त तयारीने जा: स्वतःचा लॅपटॉप, त्यात सॉफ्टवेअर आधीच टाकलेलं, स्वतःची यूएसबी केबल, हेडफोन आणि पाठ असलेली दोन गाणी. विकणाऱ्याची केबल वापरू नका. नुसतं चार्जिंग करणारी असली तर दिवे लागतात पण लॅपटॉपला मशीन दिसत नाही, आणि मग मशीन बिघडलंय की केबल यावर वाद सुरू होतो.

आधी मागची बाजू. आरसीएच्या सॉकेटांवर हिरवट पूड किंवा स्क्रूच्या डोक्यांवर तांबूस गंज दिसला, तर मशीन समुद्राच्या वाऱ्यात उघडं पडून होतं असं समजा. बाहेरचं पुसता येतं, आतल्या फेडरच्या पट्ट्या पुसता येत नाहीत. मग गाणं लावून यूएसबीचं टोक दोन बोटांनी हलकेच डावी-उजवीकडे दाबा. आवाज तुटला, तर सॉकेटचा टाका सुटत आलाय.

आता फेडर, एकेक करून. अगदी हळू, पाच सेकंदांत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्या आणि नजर मशीनवर न ठेवता लॅपटॉपच्या पडद्यावर ठेवा. पडद्यावरचा फेडर तुमच्या बोटाबरोबर सरकायला हवा. मध्येच उडी मारत असेल किंवा शेवटचा भाग गाठतच नसेल, तर तो फेडर गेलेला आहे. हेडफोनमध्ये मास्टरचा आवाज घ्या, क्रॉसफेडर (एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणारा आडवा फेडर) एका टोकाला न्या आणि दुसऱ्या बाजूचं गाणं पूर्ण गप्प होतं का, ते ऐका. कुजबुजल्यासारखं ऐकू येत राहिलं, तर भाव पाडून मागायला जागा आहे.

टेम्पो फेडर मधल्या खाचेत बसवल्यावर पडद्यावर शून्य टक्के यायला हवेत. तिथे आकडा आपोआप ०.१ ने मागे-पुढे नाचत असेल, तर ते मशीन घेऊ नका. बाकी काही चालवून घेता येईल, हे नाही.

जॉग व्हीलच्या वरच्या पृष्ठाला बोट लावलं की गाणं थांबलं पाहिजे, उचललं की लगेच चालू. मग हात काढून मशीन दहा मिनिटं तसंच चालू ठेवा आणि गप्पा मारा. कुणी हात न लावता गाणं अडखळलं, तर स्पर्शाचा सेन्सर दगा देतोय. दमट हवेत हा दोष दुपटीने छळतो. हेडफोनची पिन सॉकेटमध्ये गोल फिरवून बघा, एका कानाचा आवाज जाता कामा नये. पॅड सगळे दाबा, एकही न सोडता.

डीडीजे-४०० असेल, तर आधीच्या मालकाकडे लायसन्सचा कोड मागत बसू नका. पूर्वी तो मशीनसोबत येत असे, पण रेकॉर्डबॉक्सच्या आवृत्ती ६ पासून जोडलेलं मशीन हीच किल्ली. इतर कंपन्यांच्या जुन्या मशीनबाबत मात्र आधी खात्री करा, कारण एकदा वापरलेला कोड पुन्हा चालत नाही. किमतीचं आमचं मत असं की, बिल आणि वॉरंटी नसेल तर नव्याच्या निम्म्याच्या फार वर जाऊ नये.

मुलगा आठवीत आहे. डीजे शिकायचं म्हणून हट्ट धरून बसलाय. टॅबवर ॲप आहे, त्यावर चालणार नाही का? घरात सासूबाईंना आवाज सोसत नाही.
एक आई, फोंडा

ताई, तीन महिने टॅबवरच काढू द्या. गाण्याचं अंग मोजणं, म्हणजे चार-चार ठोक्यांचे गट, सोळा-बत्तीस ठोक्यांवर गाणं कुठे वळतं, हे शिकायला मशीन लागत नाही. रोज पाच गाणी ऐकून वहीत वेळ लिहायला सांगा: ठेका कितव्या सेकंदाला सुरू झाला, गायकाचा आवाज कधी आला, ठेका कधी थांबला. तीन महिन्यांनंतरही वही चालू असेल, तर कंट्रोलर घ्या. बंद पडली असेल, तर पैसे वाचले.

आवाजाची चिंता नको. कंट्रोलरवर सगळा सराव हेडफोनवर होतो. क्यू-मिक्सचं बटण मध्ये ठेवलं की दोन्ही गाणी कानातच ऐकू येतात आणि बॉक्स लावायची गरज उरत नाही. फक्त हेडफोनच्या आवाजावर लक्ष असू द्या. हेडफोन घातलेला असताना तुम्ही हात-दीड हातावरून साध्या आवाजात मारलेली हाक त्याला ऐकू आली पाहिजे.

लॅपटॉपचा चार्जर लावला की बॉक्समधून घरघर येते. काढला की बंद. कंट्रोलर नवा आहे, बदलून घेऊ का?
वाचक, पेडणे

बदलू नका, कंट्रोलरचा दोष नाही. चार्जर तीन पिनांचा, ॲम्पही तीन पिनांचा, आणि दोघांचं अर्थिंग वेगवेगळ्या प्लगांतून. मधल्या आरसीए केबलीच्या जाळीमुळे एक वेटोळं पूर्ण होतं आणि त्यातून ५० हर्ट्झची घरघर फिरत राहते. पहिला उपाय फुकटचा: लॅपटॉप, ॲम्प, बॉक्स सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणा. बऱ्याचदा तिथेच मिटतं. नाही मिटलं, तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची काडेपेटीएवढी डबी मिळते. आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. ती आरसीए केबलीच्या मध्ये लावा. चार्जरची अर्थिंगची पिन कापायचा सल्ला कुणी देईल. तो अजिबात ऐकू नका, पावसाळ्यात तर मुळीच नाही.

आवाजाची जात ओळखायला शिका, म्हणजे भलत्याच दुरुस्त्या टळतात. सलग जाड घरघर अर्थिंगची. माउस हलवला की बदलणारी बारीक चीं-चीं यूएसबीतून येते. दुसऱ्या पोर्टमध्ये लावा, हब मध्ये असेल तर काढा. तडतड करत गाणं तुटत असेल, तर लॅपटॉप वेळेत आवाज पुरवू शकत नाही. मग सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये बफर (आवाजाचा आगाऊ साठा) वाढवा. २५६ सॅम्पलला सुमारे ६ मिलिसेकंदांचा उशीर होतो, ५१२ ला साडेअकरा, १०२४ ला २३. शिकताना ५१२ वर काहीच बिघडत नाही. विंडोजवर कंट्रोलरचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने पोचवणारा) निवडलाय ना, हेही बघा. वायफाय बंद, बॅटरी सेव्हर बंद.

सिंकचं बटण वापरणं म्हणजे फसवणूक का? न वापरता शिकायला किती दिवस लागतात?
वाचक, साखळी

फसवणूक नाही. सिंक म्हणजे दोन गाण्यांचा वेग आणि ताल सॉफ्टवेअरनेच जुळवणं. पण ते कुठल्या गोष्टीवर चालतं ते समजलं नाही, तर ते नेमकं भर कार्यक्रमात तोंडघशी पाडतं. सॉफ्टवेअरने गाण्यावर आखलेल्या रेषा, म्हणजे बीटग्रिड, बरोबर असेल तरच सिंक बरोबर. रेषा चुकल्या, तर दोन गाणी अगदी अचूकपणे चुकीच्या जागी जुळतात.

सराव असा करा. एकाच गाण्याच्या दोन प्रती दोन डेकवर (मशीनच्या डाव्या आणि उजव्या बाजूवर) घ्या, म्हणजे वेग मुळातच सारखा. सिंक बंद, पडद्यावर कापड टाका. डावीकडचं गाणं चालू करून ठोके मोजा, आणि गट संपून नवा 'एक' येईल तेव्हा उजवीकडचं सोडा. चुकलं की ऐकू येईलच: एका ठोक्याच्या जागी दोन, 'धड' ऐवजी 'धडड'. उजवं मागे असेल तर जॉगची कड पुढे ढकला, पुढे असेल तर मागे ओढा. आधी कुठलंही एक करून बघा; बिघडलं तर दुसरं. नव्या माणसाला कोणतं गाणं पुढे आहे हे ओळखताच येत नाही आणि त्यात काही लाज नाही. आठवडाभर एवढंच. मग दुसऱ्या डेकचा टेम्पो फेडर हलवून आकडा झाका आणि वेगही कानाने जुळवा.

कुठपर्यंत जुळवायचं? १२५ बीपीएमला एक ठोका ४८० मिलिसेकंदांचा. दोन गाण्यांत फक्त ०.१ बीपीएमचा फरक राहिला, तर मिनिटाभरात ती एक दशांश ठोका, म्हणजे ४८ मिलिसेकंदांनी फाकतात. हाऊस प्रकारच्या संगीतात एवढं कदाचित खपून जाईल. आपल्याकडच्या ट्रान्स संगीतात नाही खपणार. १४५ बीपीएमच्या ट्रान्समध्ये प्रत्येक ठोक्यानंतर बेसचे तीन सूर धावतात आणि दोन सुरांमधलं अंतर जेमतेम १०३ मिलिसेकंद असतं. तिथे ४० मिलिसेकंद चुकलात की एका गाण्याचा ठोका दुसऱ्याच्या सुरांच्या मधोमध जाऊन बसतो आणि सगळा बेस चिखल होतो. त्याच कारणाने दोन्ही गाण्यांचा बेस एकाच वेळी पूर्ण उघडा ठेवू नये: नव्याचा खाली, जुन्याचा वर, आणि नव्या 'एक'वर एका झटक्यात अदलाबदल.

रोज अर्धा तास बसलात, तर दीड-दोन महिन्यांत हात बसतो.

कोळीगीतं आणि जुनी कोकणी, मराठी गाणी लावली की बीपीएम भलताच येतो. १५० दाखवतो, नाचायला तर १०० वाटतं. मशीन बदलावं का?
वाचक, काणकोण

मशीन निर्दोष आहे. ही सॉफ्टवेअरं चार-चारच्या ठोक्यांची गाणी समोर ठेवून बनवलेली असतात. केहरवा आठ मात्रांचा, तो त्यात सरळ बसतो. दादरा सहा मात्रांचा. पाय पडतात दोन, पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर. सॉफ्टवेअर सहा मात्रांचे दोन-दोनचे तीन गट करतं. म्हणून दाखवलेला आकडा खऱ्याच्या दीडपट. १५० ला दीडने भागा, तुमचे १०० आले. सेटिंगमध्ये हाताने १०० लिहा आणि गाण्याच्या नावापुढे 'दादरा' अशी खूण करा.

दादरा आणि केहरवा एकमेकांवर चढवून मिसळायचा प्रयत्न करू नका, वेग सारखा आला तरी चाल लंगडते. दादऱ्याचं गाणं समेवर आलं की इको लावून सोडा आणि पुढचं पहिल्या ठोक्यापासून सुरू करा. लोकांना ते आवडतं.

दुसरी भानगड वेग सरकण्याची. ढोलकी-तबला समोर बसून वाजवलेला असेल, तर गाणं रंगात येतं तसा वेग चढतो. सुरुवातीला ९८, शेवटी १०३. एकसारख्या रेषा अशा गाण्यावर बसणारच नाहीत. रेकॉर्डबॉक्समध्ये विश्लेषणाचा डायनॅमिक प्रकार निवडून ते गाणं पुन्हा तपासायला लावा. तरी नाही जमलं, तर त्या गाण्यापुरतं सिंक बंद ठेवून सुरुवातीच्या चार ठोक्यांचा लूप करा (तेच ठोके पुन्हा पुन्हा वाजू द्या) आणि त्यातून बाहेर पडा. आणि चवथीला घुमट आरती चालू असेल, तेव्हा कंट्रोलर बंदच बरा.

चुलतभावाच्या लग्नात वाजवायचं आहे. हॉलचा स्वतःचा साउंड आहे. माझ्या कंट्रोलरला नुसती आरसीए आहे. कसं जोडू?
वाचक, मडगाव

हॉलच्या साउंडवाल्याला आधी फोन करून एवढंच विचारा: मिक्सरवर स्टिरिओ लाइन इनपुट मोकळं आहे का आणि कंट्रोलर ठेवायच्या जागेपासून मिक्सर किती लांब? मिक्सर शेजारीच असेल, तर दोन आरसीएपासून दोन ६.३५ मिलिमीटरच्या मोनो पिनांची दीड-दोन मीटरची केबल पुरते. पाच-सहा मीटरच्या पुढे आरसीए नेऊ नका, वाटेतल्या लाइटच्या वायरींची घरघर ती गोळा करत येते. लांबच असेल, तर कंट्रोलरजवळ दोन चॅनेलचा डीआय बॉक्स (आवाज लांब नेण्याजोगा करणारी डबी) ठेवा आणि तिथून एक्सएलआर (माइकची तीन पिनांची केबल) न्या. साउंडवाल्यांकडे तो असतो, आधी सांगितलं की आणतात.

माइकच्या इनपुटात लाइनचा आवाज घातला की तो फाटतो. आरसीएपासून एक्सएलआर अशी थेट केबल कुणी पुढे केली, तर त्या चॅनेलचं ४८ व्होल्टचं फँटम पॉवर (माइकला केबलमधूनच मिळणारी वीज) बंद असल्याची खात्री करूनच लावा.

आवाज बसवताना क्रम सोडू नका. मिक्सरचा चॅनेल खाली. कंट्रोलरवर सगळ्यात जोरदार गाणं लावा, चॅनेल फेडर पूर्ण वर, ट्रिम (त्या चॅनेलमध्ये गाणं किती जोरात शिरतं ते ठरवणारं बटण) असा ठेवा की दिवे हिरव्याच्या वर जाऊन पहिल्या पिवळ्याला अधूनमधून शिवतील. मग मास्टर, आणि शेवटी मिक्सर. रात्री गर्दी वाढली की हात आपोआप ट्रिमकडे जातो; तिथे जागा उरलेली नसते. लाल लागला की आवाज वाढत नाही, फक्त फाटतो. वाढवायचं ते मिक्सरवर.

आणखी एक गोष्ट, जी हॉलमध्ये गेल्यावरच कळते. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. बॉक्स तुमच्यापासून १७ मीटरवर असतील, तर त्यांचा ठोका तुम्हाला ५० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो, हेडफोनमधला मात्र ताबडतोब. घरी पक्कं जुळणारं हॉलमध्ये चुकायला लागतं ते यामुळे. एक छोटा बॉक्स आपल्या बाजूला तोंड करून मागून घ्या. नसेल, तर दोन्ही गाणी हेडफोनमध्ये घेऊन जुळवा.

पावसाळ्यानंतर मशीन काढलं तर फेडर खरखरतो. मशीन तेलाचा फवारा मारू का?
वाचक, वाळपई

नको. तेलकट थर कार्बनच्या पट्टीवर बसतो, त्यात धूळ चिकटते आणि दोन महिन्यांत दुप्पट खरखर. आधी मशीन बंद ठेवून फेडर तीस-चाळीस वेळा पूर्ण वर-खाली करा. नुसत्या बसलेल्या ओलीचा पापुद्रा असेल तर तेवढ्याने जातो. नाही गेला, तर प्लास्टिकला चालणारा आणि वाळून जाणारा कॉन्टॅक्ट क्लीनर घ्या. यूएसबी काढा, मशीन तिरपं धरा, नळीने फटीत अर्धा सेकंद फवारा, पुन्हा वीस वेळा फेडर फिरवा, आणि तासभर सुकू द्या. दोनदा करूनही फरक नाही, तर फेडर बदलावा लागेल.

जूनच्या आधी मशीन घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या चार-पाच मोठ्या पुड्यांसकट ठेवा. रंग बदलणाऱ्या पुड्या घेतल्या तर कधी तापवायच्या ते कळतं. लोखंडी कपाटात नको, तिथे बुरशी येते. त्याहून चांगला उपाय म्हणजे पावसाळाभर दर आठवड्याला तासभर वाजवणं.

घरच्या अंगणात वाढदिवसाला डीजे लावला तर परवानगी लागते का? लग्नात गाण्यांचं लायसन्स कुणी घ्यायचं?
वाचक, पणजी

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर वाजवायला बंदी आहे. बंद सभागृहातला आतल्या आत ऐकू येणारा आवाज त्यातून वगळलेला आहे. राज्य सरकार सणांसाठी वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. तुमचा वाढदिवस त्यात येत नाही. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. खासगी जागेतल्या साउंडचा आवाज कुंपणाशी त्यापेक्षा ५ डेसिबलहून जास्त भरता कामा नये. म्हणजे दिवसा ६०, आणि शेजाऱ्याशी साधं बोलणंही साधारण तेवढंच असतं. फोनवरच्या डेसिबल ॲपला पुरावा समजू नका, अंदाजापुरतं वापरा. बॉक्स घराच्या भिंतीकडे तोंड करून आणि बेस निम्म्यावर, एवढ्याने बरंच साधतं.

लग्नाचं म्हणाल, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(झेडए) मध्ये लग्नविधी, वरात आणि लग्नाशी जोडलेल्या सामाजिक समारंभांना सूट आहे. पण ती कुठपर्यंत ताणायची, यावर वाद आहेत. राज्य सरकारने याबाबत काढलेलं परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२४ मध्ये रद्द केलं. हॉटेलमध्ये कार्यक्रम असेल, तर लायसन्सची जबाबदारी यजमानाची की हॉटेलची, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वी लिहून घ्या. डीजेने ती आपल्या अंगावर घेऊ नये.

कंट्रोलरवर शिकलो. आता ओळखीच्या एका क्लबमध्ये पेन ड्राइव्ह घेऊन ये म्हणतात. काय घेऊन जाऊ?
वाचक, शिवोली

३२ जीबीचे दोन पेन ड्राइव्ह, दोन्हींवर तीच गाणी, दोन्ही एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेले. गाणी नुसती कॉपी करून चालणार नाही. रेकॉर्डबॉक्समध्ये विश्लेषण करून तिथूनच एक्स्पोर्ट करा, तरच बीटग्रिड आणि क्यू पॉइंट (गाण्यात तुम्ही केलेल्या खुणा) मशीनवर दिसतात. एमपी३ ३२० केबीपीएसची ठेवा: मिनिटाला २.४ एमबी, म्हणजे पाच मिनिटांच्या गाण्याला १२ एमबी, आणि हजार गाण्यांना १२ जीबी. फ्लॅक प्रकारची फाइल जुन्या सीडीजेवर (क्लबमधल्या पायोनियरच्या प्लेअरवर) वाजत नाही. व्हिडिओ साइटवरून उतरवून '३२० केलेली' गाणी मोठ्या साउंडवर लगेच उघडी पडतात. झांज खरखरीत, पत्र्यासारखी वाजते. गेलेलं परत येत नाही, मूळ फाइल विकत घ्या. एक्स्पोर्ट झाल्यावर ड्राइव्ह उपसून काढू नका, इजेक्ट करा. आणि हेडफोनला ६.३५ मिलिमीटरचा अडॅप्टर लावून न्या. तो तिथे कुणाकडेच नसतो.